पांघरूण

सत्तावीस वर्षं मी विच्छेदनाच्या हॉलमध्ये
पांढऱ्या चादरी घालत आले.
सकाळी सहाला, समुद्रावरचं धुकं
अजून ग्रॅनाइटच्या भिंतींना चिकटलेलं असताना.
आधी पाय, मग छाती, चेहरा सगळ्यात शेवटी.
हे मला मॅग्नस फ्लेटनं शिकवलं.
तो ऑर्कनी बेटांवरचा, बोलायचा कमी.
“झाकायचं ते त्यांच्यासाठी,” एवढंच म्हणाला होता,
“आपल्यासाठी नाही.”

आता अहवाल आलाय.
दोनशे बारा पानं, त्यातल्या एकेचाळीसांवर काळ्या पट्ट्या.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचला,
चहा गार होईपर्यंत,
मग दुसरा गार होईपर्यंत.
विल्मा रेंडल, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका,
त्यांचे गुडघे कुणाला न विचारता
एका कंपनीला विकले गेले.
मुलाला जी राख मिळाली
तिच्यात खुब्याचा स्क्रू निघाला,
आणि विल्माबाईंचं तर जन्मात ऑपरेशन झालं नव्हतं.
याला अहवालात म्हटलंय
‘कार्यपद्धतीतील त्रुटी’.

रजिस्टरवर सही मॅग्नसची होती,
म्हणून मॅग्नस गेला.
कपाटातून निघालं ते एवढंच: बुटांचा जोड,
संत्रं सोलायचा चाकू, बहिणीचं एक पत्र.
हुकूम फोनवरून यायचे.
फोनला सही नसते.
प्रोफेसर रेबर्न सन्मानानं निवृत्त झाले,
जिन्याच्या वळणावर त्यांचं तैलचित्र लागलं,
हात मात्र चित्रकारानं काढलेले नाहीत,
चौकट तिथेच संपते.

मे महिन्यात देहदात्यांची स्मृतिसभा झाली, दरवर्षीसारखी.
कुलगुरूबाईंनी सगळी नावं वाचली.
एकही उच्चार चुकला नाही.
मला तेच खटकलं.

नंतर आम्हा नोकरांची बैठक, बिस्किटांसकट.
“आपण एक कुटुंब आहोत,” त्या म्हणाल्या.
मागे कुणीतरी खोकलं.
मी हात वर केला: पान अठ्ठ्याऐंशी,
तिसऱ्या ओळीत पट्टीखाली कोणाचं नाव आहे?
त्या माझ्याकडे फार मायेनं बघत राहिल्या.
“तुमची वेदना माझ्यापर्यंत पोचते आहे.”
मी वेदना सांगितलीच नव्हती.
पानाचा नंबर सांगितला होता.

चादर मी घालते.
पांघरूण ते घालतात.

माझाही अर्ज आहे, देहदानाचा,
निळ्या शाईत, पंधरा वर्षांपूर्वीचा.
कॅलम म्हणतो, आई, फाडून टाक.
खण उघडते, बघते, लावून घेते.
कारण ऑक्टोबरात पहिल्या वर्षाची मुलं येतात,
कोट नवे, घड्या न मोडलेले,
आणि पहिल्या दिवशी एखादी तरी पोर
सगळ्यांची नजर चुकवून
टेबलावरच्या म्हाताऱ्याचा हात हातात घेते.
यंदाची नगोझी म्हणून होती, डंडीची.
हलकेच “सॉरी” म्हणाली, मगच सुरी धरली.
तिच्या हाती स्वतःला सोपवायला
माझी काही हरकत नाही.
पण तिच्यापर्यंत जायची वाट
वरच्या मजल्यावरच्या त्या जाड गालिच्यावरून जाते.

काल रात्री मॅग्नसला फोन केला.
अहवालाचं त्यानं काही विचारलं नाही.
“खिडकीजवळचं सात नंबरचं टेबल
अजून डुगडुगतं का?”
डुगडुगतं, म्हटलं.
“मग पाचर घाल ना त्याला.
वर माणूस असतो.”

आज सकाळी पान अठ्ठ्याऐंशी
चार घड्या घालून त्या पायाखाली सारलं.
जाडी बरोबर निघाली.
मग चादर झटकली.
आधी पाय.