दिवा मालव

माझगाव, गल्लीतलं शेवटचं गॅरेज.
बावन्न सालची मॉरिस
तीन रविवार नुसती खाकरते
आणि गप्प.

इनास मास्तरला हल्ली ऐकू येत नाही फारसं.
स्क्रूड्रायव्हरची मूठ दातात धरतो,
टोक इंजिनाला लावतो.
"हाडं बहिरी होत नाहीत," म्हणतो.

बॅटरी ठीक. पेट्रोल येतंय,
माझ्या बाहीला विचारा.
पॉइंट घासले, फट मापली
तुळपुळ्यांच्या थोरलीच्या लग्नपत्रिकेने
(नेमक्या जाडीची, म्हणून बारा वर्षं टूलबॉक्सात;
तिचा घटस्फोटही होऊन गेला).
प्लग काढून ब्लॉकला टेकवला:
ठिणगी आहे, पण पिवळी, आजारी.
"निळी पाहिजे रे. आणि चट् असा आवाज.
आला?"
"नाही, मास्तर."

मग त्याने शटर खाली ओढलं.
"दिवा मालव. मार हँडल."

मारलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून,
एकदा मनगट मोडून शिकलोय ते.

आणि काळोखात दिसली
डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून पळणारी
केसाएवढी निळी रेघ.
तीन रविवार, लख्ख उजेडात,
तिच्यावरूनच फडकं फिरवत होतो.

नवी टोपी कुर्ल्याला मिळेल, न मिळेल.
तोवर वरच्या मजल्यावरच्या फिलोमिनाकडून
नेलपॉलिश आणलं, भडक लाल.
चिरेवर दोन हात. फुंकर. एक चहा.

तिसऱ्या फटक्याला धरली.
मास्तर बॉनेटवर तळवा टेकून उभा,
आला का, ते विचारतही नाही.
शटर वर ढकलायला मीच धावतो,
खाकरत.