ब

माझी शिवणाची टेप ती घेऊन जाते,
मग गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं मला वितीनं घ्यावी लागतात.
कन्नमवार नगरातल्या सगळ्या पायऱ्या
तिच्या वहीत आहेत.
रेशनचं दुकान, सात इंच.
वाचनालय, साडेसहा, साडेसहा आणि एक फुटकी.
पोलीस चौकी, नऊ. खाली लिहिलंय: बरंच आहे.
वही उलटी धरली की मागून कविता सुरू होतात.
मधल्या पानांवर दोन्हींची गाठ पडते,
तिथली कुठली ओळ वॉर्ड ऑफिसला पाठवायची
आणि कुठली मासिकाला
यात एकदा घोळ झाला होता.
उत्तर कुणाचंच आलं नाही.

नाव सुलभा.
त्यावरचे सगळे विनोद तिनेच करून संपवलेत,
दुसऱ्या कुणाला शिल्लक ठेवला नाही.

तिचा शब्द बाहेर यायला वेळ लागतो.
आधी मान वळते, मग डावा हात कुठेतरी निघून जातो,
मग ओठ जुळतात
आणि आपण थांबायचं असतं.
पहिल्या वर्षी मी तिची वाक्यं पुरी करायचे,
प्रेमानंच.
एकदा तिने ताटावर चमचा आपटला.
पुढचं बोलायला तिला कुकरच्या तीन शिट्ट्या लागल्या:
माझ्या तोंडात तुझा घास चालेल,
तुझा शब्द नको.

तेव्हापासून मी थांबते.
गॅस बारीक करते आणि थांबते.
तिच्या ओठांशी माईक धरून थांबते,
कविता संपली समजून कुणीतरी टाळ्या वाजवतो,
ती त्याच्याकडे बघते आणि पुढचं कडवं म्हणते.
आझाद मैदानावर घोषणाही तीच देते.
दोनशे माणसं एका अक्षरासाठी
श्वास धरून उभी,
हे मी पाहिलंय.

परवा दाखल्याचं नूतनीकरण होतं.
सरकारी इस्पितळ, खिडकी क्रमांक चार.
टक्के लिहून झाले, त्र्याहत्तर.
सोबतच्या बाईशी नातं?
कारकुनाने मलाच विचारलं.
मी तिच्याकडे बघितलं.
मान वळली. हात निघाला. ओठ जुळले.
ब
मागे रांगेत कुणाचं तरी पोर रडत होतं.
ब
बहीण, कारकून म्हणाला आणि लिहूनही टाकलं.
माणूस दयाळू होता, आमचा वेळ वाचवला त्याने.

उरलेली अक्षरं माझ्या जिभेवर तयार होती,
काजं-बटणं लावून, इस्त्री करून.
गिळली.
सुलभाने खिडकीची कड धरली.
ब
त्याने चष्मा काढला.
बा
पोर गप्प झालं, की मलाच ऐकू येईना, कोण जाणे.
य
को.

त्याने लिहिलेलं खोडलं.
वर काय लिहावं सुचेना, रकान्यात जागाही थोडी.
शेवटी तसाच सोडला, शिक्का मारला,
म्हणाला, पुढचे.

गेटपर्यंत आलो आणि परत फिरलो.
खिडकीची उंची मोजायची राहिली होती.
मी टेप धरली, तिने आकडा लिहिला, अठ्ठेचाळीस.
कारकून तोवर जेवायला गेला होता.