अहमदपूर ते कपिलधार, सहा मुक्काम

नवी चप्पल घालून निघू नकोस.
दिवाळीत घेतलेली राहू दे खोक्यात,
ती जुनी काळी घे, अंगठा शिवलेली.
पायाला तिची सवय आहे, तिला पायाची.

पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं आपण उडतोय.
वाटू दे. किनगावापर्यंत मागंच राहा.
झेंड्याजवळ तरणी पोरं पळतात,
तिसऱ्या दिवशी तीच टेम्पोत दिसतात, पाय लोंबकळत.

फोड आला तर फोडू नकोस.
दोरा ओवून सुई आरपार काढ, दोरा रात्रभर आतच ठेव,
पाणी आपोआप झिरपतं.
सुई माझ्या चंचीत आहे, चुन्याच्या डबीला टोचलेली.

पोळ्यांचं दुसऱ्या दिवशी चामडं होतं.
दशम्या कर, दुधातल्या.
शेंगाची चटणी जास्त घे, का ते पुढं सांगते.

मुक्काम शाळेत.
पहिलीचा वर्ग धर, तिथं बाकं नसतात.
भिंतीवर अ अननसाचा काढलेला असतो,
आपल्याकडं कुणी लावला नाही तो.
दारापाशी झोपलीस तर
रात्री उठणारी प्रत्येक बाई तुझ्या पायावरून जाईल.
कार्तिकातली फरशी थंडी ओढून घेते गं,
वाकळीखाली खताची पोती अंथर, दोन उसवून शिवून ठेवलीत.

मोबाईलवर नाव चिकटव.
एका बोर्डावर चौदा असतात, सगळे काळेच.

चारच्या आत उठ.
तुरीत जा, तूर उंच असते.
कापसात नको, वेचणीवाले लवकर येतात.
आणि गळ्यात लिंग आहे म्हणून साप बाजूला सरत नाही,
बॅटरी मार.

केजच्या अलीकडं डाव्या हाताला वेल्डिंगचं दुकान,
मागं नजमाबी राहते.
तिची न्हाणी त्या दिवशी बायकांसाठी उघडी,
चुलीवर मोठं पातेलं.
पैसे काढलेस तर रागावते. चटणी दे.
विचारेल, महानंदा का नाही आली?
गुडघा म्हण.
नुसता गुडघाच म्हण.

नेकनूर सोडलं की समोरून ट्रॅक्टर येतात
टोळ्यांचे, दोन-दोन ट्रॉल्या,
कोयते, भांडी, एखादी शेळी, वर बसलेली पोरं.
वाट द्यायची.
आमचे टाळ तिथं आपोआप हळू होतात, कुणी सांगितलेलं नाही.
एका साली वरून एकीनं विचारलं, मावशे, कुठं गं?
म्हटलं, देवाला.
माझाबी नमस्कार सांग म्हणाली,
आणि ट्रॉली निघून गेली.
नाव विचारायचं राहिलं.
अकरा वर्षं मी बिननावाचा नमस्कार सांगत आले,
हिरवं लुगडं, कडेवर पोर, एवढीच खूण.
यंदा तू सांग. पोर आता कडेवर नसंल,
तसंही सांग.

देवाचं मी काय सांगू.
रांग आहे. पिशवी पोटाशी धर.
धारेखाली शेवाळ असतं, बोटं रोवून उभी राहा.
बाकीचं तुझं तुला.

परत येताना एसटीनं ये.
सहा दिवसांची वाट खिडकीतून
तीन-चार तासांत उलटी जाते,
वेल्डिंगचं दुकान, तूर, शाळा,
हात करायच्या आत.
पहिल्या वर्षी मी रडले होते,
शेजारणीनं गोळी काढून दिली, पायांसाठी.
तू आपली झोपून जा.

फक्त किनगावला जागी हो.
गाडी थांबते तिथं पाच मिनिटं,
स्टँडवरच्या नळाची बाटली भरून आण.
बघू,
बसल्या जागी प्यायलं तर तेच लागतंय का ते.