तिकिटामागची बाकी

एकतीस वर्षं यवतमाळ–दारव्हा मार्गावर घंटी मारली.
आता रविवारी दानाची थैली मोजतो,
मंडळीचा खजिनदार म्हणून.
बोटांना दुसरं येतं तरी काय.
एकची नाणी इकडे, दोनची तिकडे,
चुरगळलेल्या दहाच्या नोटा मांडीवर सपाट करायच्या.
नोटेला ज्याचा त्याचा वास असतो.
ही हळदीची, ही चुन्याच्या डबीतली,
ही फिनाईलची, म्हणजे सरकारी दवाखान्यात
फरशी पुसणाऱ्या सालोमीबाई खंडारेंची.

आमचं चर्च म्हणजे अकरा बाकं, एक पेटी
आणि नव्या टिनांची वाट पाहणारं छप्पर.
पाद्री महिन्यातून दोनदा येतात,
बाकीचे रविवार आम्हीच आमचे.

हंगामाच्या उपासनेला वेदीपुढं ढीग लागला:
तुरीच्या शेंगा, दोन कोहळी, संत्र्यांची टोपली,
अंबाडीची लालभडक बोंडं,
आणि स्टीलच्या वाटीत, मूठभर कापसावर,
एक अंडं.
"एकच देल्लं बाप्पा कोंबडीनं," सालोमीबाई म्हणाल्या,
"आज सकाऊनच. हात लावून पाहा, गरम हाये."

मग लिलाव.
अंडं दहापासून निघालं.
यशोदास मास्तरांनी वीसला घेतलं,
तळहातावर जरा तोललं, म्हणाले, "मंडळीले वापस."
पुन्हा बोली. रूपवंताबाईंनी तीस. वापस.
तांड्यावरचा उत्तम राठोड छपराची मापं घ्यायला आलेला,
आमच्यातला नव्हे, चपला हातात घेऊन दारात उभा.
"पन्नास माह्ये," म्हणाला. त्यानंही वापस केलं.
अंडं बाकावरून बाकावर जात राहिलं.
ते धरताना ज्याचा त्याचा आवाज हळू व्हायचा.
मी वहीत लिहीत होतो. वस्तू: अंडे. नग: एक.
नग एकच राहिला, रक्कम सहाशे चाळीसवर गेली.
असा हिशेब डेपोत दाखवला असता
तर त्याच दिवशी निलंबित झालो असतो.

सुटे नसले की तिकिटामागं लिहून द्यायचो:
बाकी तीन. बाकी आठ.
"उतरताना मागून घ्या."
कितीतरी जण मागायचेच नाहीत.
लाडखेडच्या फाट्यावर गर्दीत उतरून जायचे,
डोक्यावर टोपलं, कडेवर लेकरू,
तिकीट मुठीत घामानं भिजलेलं.
मला दिसायचे. मी दोनदा घंटी मारायचो.
त्या पैशांचा डेपोच्या कँटीनमध्ये चहा व्हायचा.

लोक साक्ष देताना सांगतात, देव असा भेटला, तसा भेटला.
मला तो समोरून कधी दिसला नाही.
पाठमोरा दिसला असेल.
उतरताना.
बाकी न मागता.

"बोला खजिनदार," मास्तर म्हणाले. वाटी माझ्यापुढं.
खिशात पेन्शनची पाचशेची नोट, चार घड्या घातलेली.
जिभेवर जुनी सवय आलीच:
"सुटे नाहीत."
सालोमीबाई पदरामागं हसल्या,
"मंग लिहून द्या न मांगं."
सतरा वर्षं माझ्याच गाडीनं यायच्या त्या.
त्या गमतीनंच म्हणाल्या असतील.
मी विचारलं नाही.
नोट उलगडली, वाटीत ठेवली.
घड्यांमुळं ती नीट बसेना,
अंड्याला टेकून उभीच राहिली.

शेवटची बोली मास्तरांच्या नातीची, एक रुपया.
तिनं वापस केलं नाही.
"मले उकडून खायाचं हाये."
अख्खी मंडळी हसली. आमेनही कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी वही लिहिली.
एक हजार एकशे एक्केचाळीस, नग एक.
शेवटच्या रकान्यावर छापलंय: बाकी.
तिथं मी दर रविवारी शून्य लिहितो.
त्या दिवशी पेन टेकवला आणि उचलला.

बाहेर उत्तम भिंतीवर चढलेला,
टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं.
वही बाकावर तशीच उघडी ठेवली
आणि जाऊन धरलं.