आणि, किंवा

एल्वुड क्राउझेनं गाडीचा कागद
फ्रीजरमधून काढला,
गोठलेल्या कणसांच्या खालून.
घर जळालं तरी फ्रीजर जळत नाही, म्हणाला,
आणि बाहीनं प्लास्टिकवरचं दव पुसलं.

दोन हजार बाराची ब्युइक. रंग ओल्या वाळूचा.
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस, कुत्रा नाही.
बेचाळीसशे डॉलर मी दोनदा मोजले,
त्यानं एकदाही नाही.
सही केली, नंबरप्लेट काढून घेतली,
चार स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले.

ओटम्वाच्या कचेरीत खिडकी क्रमांक दोन.
वॉन्डाबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला,
नख टेकवलं:
एल्वुड क्राउझे आणि आर्डिथ क्राउझे.
"ही आर्डिथ कुठंय?"
मला काय माहीत.
"मधे 'किंवा' असतं तर एकट्याची सही चालली असती.
'आणि' आहे.
'आणि'ला दोघं लागतात."

परत गेले. एल्वुडनं कागद उन्हात धरला,
जणू उजेडात तो शब्द पुसट होईल.
"शोरूमवाल्यानं घातलं. आम्हाला कुणी विचारलं नाही."
मग, बऱ्याच वेळानं,
"विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. तेव्हा."

आर्डिथ मेली नव्हती.
मेली असती तर वेगळा फॉर्म असतो, सोपा.
घटस्फोट झाला असता तर कोर्टाचा कागद.
ती नुसती गेली होती,
आठ वर्षांपूर्वी, किओककला, बहिणीकडं,
एका बॅगेनिशी. गाडी इथंच ठेवून.
नुसतं जाण्याला फॉर्म नाही.

मी स्क्रू परत दिले. त्यानं प्लेट परत लावली.
चालवायला मी;
पैसे माझे गेलेले, गाडी अजून त्यांच्या नावावर.
सोयाबीन, मका, सोयाबीन.
तो फक्त गाडीबद्दल बोलला:
वळणावर डावीकडून शीळ येते, घाबरू नकोस.
मिसिसिपी दिसली तसा
आरसा आपल्याकडं वळवून
थुंकी लावून भुवया बसवल्या त्यानं.

ती कठड्याला रंग देत होती. हिरवा.
ब्रश डब्यावर आडवा ठेवून आली,
गाडीभोवती एक चक्कर मारली,
मागच्या दाराशी थांबली.
"हा पोचा माझा."
"तो माझा," एल्वुड म्हणाला.
"माझा. मेल्बाच्या लग्नाच्या दिवशी."
तो काही बोलला नाही.

बॉनेटवर कागद ठेवून तिनं सही केली,
पूर्ण नाव, क्राउझेसकट,
हात न थांबता.
"कुत्रा?"
"मार्चमधे."
"हं."
मग आकडा वाचायला ती आत वाकली,
सहा आकडे, एकेक करून,
आणि ते वाचून झाल्यावरही
थोडा वेळ आतच होती.

परतताना त्यानं आरसा माझ्याकडं वळवून दिला.

वॉन्डाबाईंनी कडेचा हिरवा ठसा पाहिला.
"अंगठा तर कुणी मागितला नव्हता," म्हणाल्या, पण घेतला.
"नवीन कागदावर एक नाव, की दोन?"
डरेलचे बाराशे होते त्यात.
"दोन."
"मधे काय घालू?"
माझ्यामागं कुणीतरी खोकलं.
ट्रॅक्टरच्या टोपीतला एक म्हातारा
घड्याळ बघत होता, ते बंद होतं.

मी किंवा म्हटलं.

रात्री डरेलनं कागद वाचला,
त्या शब्दावर बोट ठेवलं, उचललं,
भूक लागली का विचारलं.
कागद मी फ्रीजरमधे ठेवला, वाटाण्यांखाली.
दोनदा उघडून बघितला.

वळणावर डावीकडून शीळ येते.
डरेल म्हणतो, दाखवून घेऊ एकदा गॅरेजमधे.
मी म्हणते, राहू दे.
आधीपासूनची आहे.