चौतीस टक्के

वाळूजच्या लिलावातून सेलूला आला तो,
नऊ हजारात, की-बोर्डसकट.
माऊस वेगळा घ्यावा लागला.
डब्याच्या बगलेला चिठ्ठी : लेखा विभाग – ७.
नखानं खरडून पाहिली, निघाली नाही.
चालू केला की अजून म्हणतो,
स्वागत आहे, एस. गरुड.
मी म्हणते, बरं बाबा, मीच गरुड,
तहसीलसमोर बसणारी.

अपडेट रोज लागायला घेतं.
निळ्या पडद्यावर ठिपके गोल गोल फिरतात
आणि चौतीस टक्क्यांवर येऊन बसतात.
एका मार्कानं नापास.
मग लिहून येतं :
बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका.
मी कशाला बंद करू,
महावितरण आहे की.

बाकावर भरतीची पोरं. शेवटची तारीख वीस.
एकजण विचारतो, मावशी, रेंज नाही का?
रेंज आहे रे.
ह्याचंच मन नाही.

आधी माझे मीच उपाय केले.
बंद करून चालू, हे तर सगळ्यांनाच येतं.
मग जागा केली : जुनी बिलं, गेटपास,
दोन हजार चौदाचे हजेरीपट टाकले कचऱ्यात,
कचराही रिकामा केला.
मग तारीख. दर सकाळी हा उठायचा
एक जानेवारी दोन हजार बाराला,
आणि समोरचं सगळं जग त्याला
खोट्या सह्यांचं वाटायचं.
घड्याळवाल्या सलाउद्दीनकडून नाण्याएवढा सेल आणला,
पन्नास रुपये. म्हणाला, गाडीच्या चावीलाबी हाच लागतो.
तारीख सुधारली.
टक्के तेच.

रविवारी मुजीब आला, परभणीहून, पॅसेंजरनं.
चहा थंड होईतो बोलला नाही.
काळ्या खिडकीत काहीबाही लिहीत राहिला,
मग खुर्ची मागं सारून म्हणाला,
"ताई, अर्धं अपडेट तिथंच असताना उतरलेलं.
उरलेलं अर्धं हे अजून तिथूनच मागायलंय.
रोज रात्री जुन्या ऑफिसाला विचारायलंय,
आलं का, आलं का."
पडद्यावर बोट ठेवून पत्ता दाखवला.
खाली बारीक अक्षरात :
काही गोष्टी तुमची संस्था सांभाळते.
"संस्था कुठाय आता?"
"बंद पडली म्हणून तर लिलाव."

माझा दीर त्याच बाजूच्या एका शेडमध्ये होता.
गेटला कुलूप लागून चार वर्षं झाली,
सव्वापाचला अजून उठून बसतो,
चपला चाचपतो,
मग पाणी पिऊन आडवा होतो.
मुजीबला हे सांगितलं नाही.

तो म्हणाला, "खोडू का?"
थांब म्हटलं.
पावतीच्या मागं पत्ता उतरून घेतला,
ठिपके, आकडे, सगळं.
कशाला ते विचारू नका, त्यानंही विचारलं नाही.
खोड आता.

रात्री नऊला ठिपके फिरायला लागले.
चौतीसला पाय ओढला.
मी पाठ करून स्टेपलर भरत बसले,
नजर हटली की दूध वर येतं, त्या हिशोबानं.
वळून पाहिलं, पस्तीस.
काठावर पास.
पुढचं साडेअकरापर्यंत कधी झालं कळलं नाही.

सकाळी नाव मात्र तेच.
मुजीब फोनवर म्हणतो, नवं खातं काढा, जुनं उडवा.
उडवायच्या आधी आत डोकावले.
एकच फाईल राहिलेली : भिशी.
अकरा नावं, अकरा खुणा,
बाराव्या महिन्यासमोर गरुड
आणि पुढचा रकाना कोरा.

चौदा केबी.
एवढी जागा असते.

"मावशी, फोटोची साईझ जास्त व्हायलीय म्हणतंय."
आण इकडं, म्हटलं. कमी करू.