विवादी

साखर पेठेतले माग थांबले
की आमचा क्लास भरतो.
लाईट गेली रे गेली, मल्लिनाथ मास्तर
तंबोऱ्याची गवसणी काढतात,
जवारीचा दोरा नखाने सूतभर सरकवतात.
सूतभर. आमच्याच गल्लीचं माप.
घरी आम्ही तेलुगू, इथे मराठी,
मास्तर चिडले की कन्नड,
आणि बंदिशीची भाषा कुणालाच पुरती येत नाही.

दिवसा मी गुर्रम शेठकडे टॉवेल मोजते.
पांढरे, बिनकाठाचे, डझनाचं बंडल.
महिन्यापासून ऑर्डर तिप्पट आहे.
खोक्यावर ज्या बंदराचं नाव छापतो
ते रात्रीच्या बातम्यांतही असतं.
"दवाखान्यासाठी आहेत," शेठ म्हणाला
आणि ओव्हरटाइमचं पाकीट देताना
दुसरीकडे बघत राहिला.
मीही पाकीट मोजूनच घेतलं.

परवा लाईट गेली नाही, घालवली.
सरावाचा अंधार. वर भोंगा.
मास्तरांनी गाणं थांबवून कान दिला.
"सगळ्या सुरांवरून जातो बघा,
टेकत एकावरही नाही.
ह्याला षड्ज नाही."

मग अंधारातच पाठ म्हणायला लावला:
वादी राजा, संवादी प्रधान,
अनुवादी चाकर, विवादी शत्रू.
परीक्षेत एका मार्काला येतं.
"मग शत्रूचं काय करायचं?"
धाकट्या अंबुबाईचा प्रश्न. ती नऊ वर्षांची.

मला वाटलं, म्हणतील, वगळायचा.
त्यांनी बिहाग धरला.
"इथला तीव्र मध्यम जुन्या लोकांना परकाच होता.
कुणीतरी पंचमाच्या हाताला धरून
त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं. हळूच.
आता तो नसेल तर सांग,
बिहाग ओळखशील?"

ह्यानं एकही विमान माघारी फिरणार नाही.
मास्तरांनाही ते ठाऊक असावं,
कारण ती जागा त्यांनी पुन्हा घेतली,
पुन्हा घेतली,
तोवर लाईट आली, चारी बाजूंनी माग सुरू झाले,
आणि आम्हाला नुसता त्यांचा गळा हलताना दिसत राहिला.

आज सातशे डझन.
नऊ, दहा, अकरा,
बाराव्याला माझा हात पंचमावर थबकतो,
शेजारी बोटभर जागा सोडतो.

बंडल सैल बांधलं म्हणून
सुपरवायझर ओरडतोय.